दोन बुलेटमधून एक व्ही-ट्विन: आधी क्रँककेसचं बोलू

प्रश्न थोडक्यात असा आहे: कास्ट आयर्न बुलेट ३५० ची (ब्लॉक कास्ट आयर्नचा, क्रँककेस ॲल्युमिनियमचं) दोन चालू इंजिनं हाताशी आहेत. दोन्हीची क्रँककेस, म्हणजे क्रँक ज्यात फिरतो तो इंजिनाचा खालचा भाग, कापून, वेल्ड करून एक व्ही-ट्विन, म्हणजे व्ही आकारात दोन सिलिंडर असलेलं इंजिन, करायचं आहे. गावात टिग वेल्डिंग करणारा चांगला माणूस आहे. व्हीचा अँगल किती ठेवायचा, कंपनीचा गिअरबॉक्स टिकेल का, आणि सुरुवात कुठून करायची?

सुरुवात कापण्यापासून करू नका, एवढं आधी सांगतो. बाकीचं मग निवांत बोलू.

मी कोल्हापूरला मशिन शॉप चालवतो. शिरोलीच्या फौंड्रीतून आलेली कास्टिंगं बोअर करणं हा रोजचा धंदा, आणि बुलेटचे क्रँक सेट करणं हा त्यातून लागलेला नाद. त्यामुळे माझं उत्तर लेथवाल्याचं आहे, गाडी सजवणाऱ्याचं नाही. दोन बुलेटमधून एक व्ही-ट्विन नक्की होतं. ऑस्ट्रेलियात पॉल कारबेरी यांनी ५०० ची दोन सिलिंडर ५५ अंशांत बसवून हजार सीसीचं इंजिन केलं. त्या कामात मेलबर्नच्या इयन ड्रायस्डेल यांचा हात होता. अमेरिकेत ओहायोमध्ये अनिकेत वर्धन यांनी ‘मस्केट’ नावाचं ५९ अंशांचं इंजिन केलं. या दोन्ही कामांत एक गोष्ट समान आहे, आणि बघणाऱ्याच्या नजरेतून नेमकी तीच सुटते. वरचे ब्लॉक, हेड, पिस्टन, रॉकर हे बुलेटचे किंवा बुलेटच्या मापाचे. क्रँककेस मात्र नवीन ओतलेलं. वर्धन यांनी तर त्याचे पॅटर्न, म्हणजे साचा घेण्याचे नमुने, स्वतःच्या हातानं केले. दोघांपैकी कुणीही दोन चेंबरं, म्हणजे क्रँककेस, कापून सांधली नाहीत, आणि त्यामागे कारण आहे.

कापून जोडायची कल्पना कुठून येते याचा मला अंदाज आहे. इंग्लंडच्या ॲलन मिलयार्ड यांचे व्हिडिओ सगळ्यांनी पाहिलेले असतात. हा माणूस कावासाकीचं तीन सिलिंडरचं टू-स्ट्रोक इंजिन साध्या हॅकसॉनं कापतो, मध्ये आणखी एक सिलिंडर घालतो, वेल्ड करतो आणि चार सिलिंडरची गाडी कंपनीतून आल्यासारखी उभी करतो. सायमन व्हाइटलॉक यांनी कावासाकीच्या २५० सीसी इंजिनांचे तुकडे जोडत ४८ सिलिंडरची मोटरसायकल केली. हे सगळं खरं आहे. पण ही इंजिनं कापली कुठे जातात ते नीट पाहा. सिलिंडर एका रांगेत आहेत, क्रँकचा अक्ष एकच आहे, आणि काप त्या अक्षाला काटकोनात जातो. जोडताना बेअरिंगच्या घरांतून एक जाड, सरळ ग्राइंड केलेला बार घातला की तुकडे आपोआप एका रेषेत येतात. वेल्डला फक्त लांबी वाढवायची असते. शिवाय त्या इंजिनाला व्हॉल्व्ह उघडणारे कॅम नाहीत, पुशरॉड नाहीत, ऑइल पंपाच्या गॅलऱ्या (तेलाच्या वाटा) नाहीत.

आता तुमचं काम बघा. बुलेटच्या क्रँककेसला दुसरा सिलिंडर तिरका बसवायचा, तोही त्याच क्रँकवर. म्हणजे काप क्रँकच्या तोंडातून, सिलिंडरच्या बैठकीतून आणि टायमिंग साइडच्या (कॅम असतात त्या उजव्या बाजूच्या) कॅम स्पिंडलच्या बॉसजवळून, म्हणजे स्पिंडल धरणाऱ्या जाड उंचवट्याजवळून, जाणार. दुसऱ्या चेंबरमधून हाती काय लागणार? सिलिंडरची एक बैठक आणि दोन टॅपेट गाइडची भोकं. बाकी सगळं भंगारात. एवढ्याशा तुकड्यासाठी पहिल्या चेंबरची मेन बेअरिंगची घरं तुम्ही वेल्डच्या उष्णतेखाली घालताय. हा सौदा तोट्याचा आहे.

वेल्डर कितीही हुशार असला तरी जुन्या ॲल्युमिनियमपुढे त्याचे हात बांधलेले असतात. वर्षानुवर्षं तेल पिऊन बसलेलं कास्टिंग आर्क लागली की फेसाळतं, वेल्डमध्ये सुयांएवढी भोकं राहतात आणि त्यातून पुढे तेल पाझरत राहतं. ते धुऊन, भट्टीत तापवून, पुन्हा धुऊन बरंचसं काढता येतं, सगळं कधीच निघत नाही. दुसरं म्हणजे वेल्डच्या आजूबाजूचा धातू मऊ पडतो. आणि तिसरं, सगळ्यात वाईट, आकार ओढला जातो. आमच्याकडे असं एक जोडलेलं क्रँककेस तपासायला आलं होतं. वरून शिवण सुरेख, मोजून ठेवल्यासारखी. बोअरिंग मशीनवर बांधून ड्राइव्ह साइडच्या घरात डायल फिरवला तर घर लंबगोल, आणि तिथून टायमिंग साइडकडे गेलो तर दोन घरांचे मध्य एका रेषेतच नाहीत. असं चेंबर बोल्ट आवळेपर्यंत क्रँक मोकळा फिरवतं आणि आवळले की जड करतं. मालकाला वाटत होतं बेअरिंग खराब आहे.

बेअरिंगच्या घराचं माप किती नाजूक असतं त्याचा एक हिशेब करून बघा. बेअरिंगचं बाहेरचं माप ६२ मिलिमीटर धरा. ॲल्युमिनियम तापल्यावर स्टीलच्या जवळजवळ दुप्पट फुगतं. चेंबर खोलीच्या तापमानापेक्षा ७५ अंश वर गेलं की घर बेअरिंगपेक्षा साधारण ०.०५ मिलिमीटर जास्त मोठं होतं. म्हणजे थंड असताना दाबून बसलेलं बेअरिंग गरम इंजिनात सैल पडू शकतं, आणि मग बाहेरची रिंग घरात फिरायला लागते. हे सांभाळायला घर थंडपणी तेवढ्या दाबाचं कापावं लागतं, किंवा आत कास्ट आयर्नची किंवा स्टीलची रिंग बसवावी लागते. जिथं मिलिमीटरच्या शंभराव्या भागाचा खेळ आहे तिथं वेल्डनं ओढलेल्या लंबगोलाला जागा नाही. वेल्ड करायचंच असेल तर सगळी घरं आधी मोठी कापून, वेल्ड करून, भट्टीत ताण काढून, रिंगा घालून पुन्हा बोअर करा. एवढं करायला निघालात तर नवं कास्टिंग स्वस्त पडतं.

म्हणून माझं सांगणं: ब्लॉक, हेड, पिस्टन, कनेक्टिंग रॉड, कॅम, रॉकर, ऑइल पंप सगळं बुलेटचं घ्या, क्रँककेस ओतून घ्या. आपल्याकडे तर ही सोय दाराशी आहे. कोल्हापूरच्या उद्यमनगरात ऑइल इंजिनं तयार व्हायची तेव्हापासून पॅटर्नवाले, फौंड्रीवाले आणि बोअरिंगवाले एकमेकांच्या शेजारी बसलेत. एका नगाचं काम घ्यायला मोठी फौंड्री नाही म्हणेल. लहान, वाळूच्या साच्यात ॲल्युमिनियम ओतणारा शोधा.

पॅटर्न सागवानात करा किंवा थ्रीडी प्रिंट करून घासून रंगवा, दोन्ही चालतात. ॲल्युमिनियम गोठून थंड होताना साधारण १.३ टक्के आकसतं, तेवढा पॅटर्न मोठा हवा. १०० मिलिमीटरला १.३. जिथं मशिनिंग आहे तिथं तीन मिलिमीटर जादा माल ठेवा. जिथं जाड बॉस पातळ भिंतीला मिळतो तिथं मोठी गोलाई द्या, नाहीतर नेमका तिथं आतून पोकळ राहतो. मटेरियल एलएम २५ (ॲल्युमिनियमचा एक मिश्रधातू) सांगा. एलएम ६ ओतायला सोपं, साचा छान भरतं, पण हीट ट्रीटमेंटनं ताकद वाढवायची सोय एलएम २५ मध्ये आहे: ५३०–५४० अंशांना भिजवून पाण्यात विझवायचं, मग दीडशेच्या वर काही तास ठेवून कठीण करायचं. हे सगळं मशिनिंगच्या आधी. विझवताना कास्टिंग वाकतं, म्हणूनच तो तीन मिलिमीटरचा माल ठेवला आहे.

कास्टिंग हातात आलं की लगेच मशीनवर चढवू नका. बाहेरून खडूच्या भुकटीचा पातळ हात मारा, सुकू द्या, आत रॉकेल भरून रात्रभर ठेवा. जिथं सकाळी पांढऱ्यावर ओला डाग दिसेल तिथं आरपार छिद्र आहे. बोअरिंग झाल्यावर हे कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं.

मशिनिंगचा क्रम कुणाच्या सांगण्यावरून बदलू नका. आधी दोन्ही अर्ध्यांचे सांध्याचे तोंड सपाट, मग डॉवेल, मग दोन्ही अर्धे पूर्ण आवळून एकत्र, आणि त्या अवस्थेत दोन्ही बाजूंची मेन बेअरिंगची घरं एकाच बांधणीत, एकाच बारनं. हा अक्ष म्हणजे तुमच्या इंजिनाचा शून्य. सिलिंडरच्या दोन्ही बैठका, कॅमचे स्पिंडल, गिअरबॉक्सची बैठक, सगळी मापं तिथून. सिलिंडरच्या बैठकांसाठी जॉब न सोडता टेबल फिरवून अँगल घ्या, आणि क्रँकच्या मध्यापासून दोन्ही बैठकांची उंची सारखी येते का ते बघा. तिथं फरक पडला की दोन सिलिंडरचं कॉम्प्रेशन वेगळं पडतं आणि मग कार्ब्युरेटर ट्यून करणाऱ्याला शिव्या बसतात.

आता अँगल. यावर लोक आवाजाच्या हिशेबानं बोलतात: हार्लेचे ४५, डुकाटीचे ९०. आवाज शेवटी बघा. अँगल आधी जागा ठरवते. बुलेटच्या ब्लॉकचं खालचं फ्लँज (बैठकीवर टेकणारी पसरट कड) रुंद आहे. मध्यरेषेपासून फ्लँजची निम्मी रुंदी भागिले क्रँकच्या मध्यापासून बैठकीची उंची, हा झाला अर्ध्या अँगलचा टॅन. समजा निम्मी रुंदी ६० आणि उंची ११५ मिलिमीटर आली. भागाकार ०.५२, म्हणजे अर्धा अँगल साडेसत्तावीस, पूर्ण ५५. याहून कमी केला तर दोन फ्लँज एकमेकांत घुसतात. मग फ्लँज कापा किंवा ब्लॉक वर उचला आणि लांब रॉड करा. ही मापं नमुन्याची आहेत, तुमच्या ब्लॉकवर व्हर्नियर लावून खरी काढा. व्हिन्सेंटची गोष्ट या संदर्भात सांगण्यासारखी आहे. १९३६ मध्ये फिल अर्व्हिंग यांच्या टेबलावर त्यांच्या ५०० सीसी सिंगलच्या ड्रॉइंगचे दोन ट्रेसिंग कागद एकमेकांवर तिरके पडले आणि त्यातून ४७.५ अंशांचं रॅपिड सुचलं, असं सांगतात. सिंगल होतं ८४ बाय ९० चं, म्हणजे बुलेट ५०० चंच माप. युद्धानंतरच्या मॉडेलला तो अँगल ५० झाला. म्हणजे ज्यांनी हे सगळ्यात देखणं केलं त्यांनीही अँगल कुठल्या शास्त्रातून उतरवला नव्हता, हाताशी असलेले भाग कसे बसतात त्यावरून घेतला.

जागेनंतर कंपन. दोन्ही रॉड एकाच क्रँकपिनवर आहेत असं धरा. फ्लायव्हीलवर दोन्ही रॉडच्या खालच्या टोकांचं पूर्ण वजन आणि वरखाली जाणाऱ्या एकूण वजनाच्या निम्मं वजन तोलून घेतलं, तर उरलेलं प्राथमिक बल (दर फेऱ्याला एकदा येणारा हादरा) क्रँकच्या उलट दिशेनं फिरत राहतं. त्याचा आकार म्हणजे एका सिलिंडरचं बल गुणिले व्हीच्या अँगलचा कोसाइन. ९० अंशांना कोसाइन शून्य, म्हणून ९० चं व्ही-ट्विन गुळगुळीत. ४५ ला ०.७१. आणि ६० ला बरोबर ०.५. हा आकडा महत्त्वाचा आहे, कारण पन्नास टक्के तोललेल्या सिंगल बुलेटमध्येही नेमकं ०.५ उरतं. म्हणजे ६० अंशांचं व्ही-ट्विन दुप्पट सीसी देतं आणि हादरे मूळ बुलेटएवढेच. आकड्यात सांगायचं तर पिस्टन, पिन, रिंगा आणि रॉडचं वरचं टोक मिळून अर्धा किलो धरा. ९० मिलिमीटर स्ट्रोकला, ४००० आरपीएमला एका सिलिंडरचं बल साधारण ४०० किलो होतं. ६० ला त्यातलं २०० उरतं, ५५ ला २३०, व्हिन्सेंटच्या ४७.५ ला २७०. ५५ ते ६० यातला फरक हँडलला जाणवेल, पण त्यापायी फ्रेम कापू नका. ९० चा मोह मात्र सोडा. त्यात पुढचा सिलिंडर पुढच्या चाकाकडे आडवा पडतो आणि बुलेटच्या फ्रेममध्ये तो बसत नाही.

तर ५५ ते ६०. तुमच्या फ्लँजला जे जमेल ते.

क्रँकला बुलेटचीच फ्लायव्हील घ्या, पिन नवी, लांब. त्यावर दोन रॉड शेजारी-शेजारी. पिन लांब झाली की वाकण्याचं प्रमाण वाढतं, म्हणून मटेरियल आणि हीट ट्रीटमेंट यात काटकसर नको. पृष्ठभाग कठीण, गाभा चिवट. जुना फ्लोटिंग बुशचा बिगएंड (रॉडच्या खालच्या टोकाचं बेअरिंग) या कामाला ठेवू नका, रोलर बिगएंडचा रॉड घ्या. मूळ फ्लायव्हीलचा तोल एका रॉडसाठी आहे, तो इथं कमी पडणार. पिनच्या बाजूला भोकं पाडून वजन काढा, तरी कमी पडलं तर समोरच्या बाजूला जड धातूचे प्लग. रॉडच्या लहान टोकाचं वजन घेताना रॉड आडवा आणि मोठं टोक त्याच पातळीवर टेकलेलं हवं. तिरका धरला की आकडा चुकतो. क्रँक जुळवल्यावर दोन सेंटरमध्ये धरून दोन्ही शाफ्टवर डायल लावा. दोन शतांशाच्या, म्हणजे ०.०२ मिलिमीटरच्या आत आला पाहिजे. तांब्याच्या हातोड्यानं ठोकून, पुन्हा फिरवून, पुन्हा ठोकून. याला वेळ लागतो आणि इथं घाई करणाऱ्याचं इंजिन दोन हजार आरपीएमवरच ओळखू येतं.

रॉड शेजारी-शेजारी आले की दोन सिलिंडर एका रेषेत राहत नाहीत, एक बिगएंडच्या रुंदीएवढा बाजूला सरकतो. हे वाईट नाही, मागच्या सिलिंडरला थोडी हवा मिळते. पण एक सिलिंडर सरकला की त्याचे टॅपेटही सरकतात आणि कॅम मात्र पिनियनच्या (त्यांना फिरवणाऱ्या क्रँकवरच्या लहान गिअरच्या) पातळीवरच राहतात. बहुतेक ड्रॉइंगं इथं अडकतात. उपाय दोन: त्या सिलिंडरच्या कॅमचा हब लांब करून फक्त लोब सरकवायचा, किंवा सरकलेलं अंतर दोन्ही सिलिंडरला निम्मं-निम्मं वाटून टॅपेट गाइड तेवढे हलवायचे. मला पहिला बरा वाटतो, स्पिंडलला बाहेरून कव्हरमध्ये आधार दिला तर. हार्लेसारखा एक रॉड दुसऱ्याच्या काट्यात बसवला तर हा प्रश्नच येत नाही, पण तो काटा तुम्हाला फोर्जिंगमधून कोरावा लागेल.

टायमिंगमध्ये एक सोय निसर्गानंच दिली आहे. मागच्या सिलिंडरची कॅमची सगळी मांडणी क्रँकच्या मध्याभोवती व्हीच्या अँगलएवढी फिरवली, तर पिनियनवरचा मूळ मार्क दोन्हीला चालतो. ज्याचे कॅम बसवताय त्याचा पिस्टन वर आणा, मार्क जुळवा, झालं. फक्त एक लक्षात ठेवा. इंजिन पुढे फिरतं, म्हणून मागचा पिस्टन आधी वर येतो. त्याचे कॅम बसवल्यावर क्रँक एक पूर्ण फेरा अधिक व्हीचा अँगल एवढा फिरवून मग पुढचे बसवा. तो पूर्ण फेरा विसरलात तर दोन्ही सिलिंडर पाठोपाठ पेटतील आणि मग जवळजवळ दोन फेरे शांतता. चालेल तेही, पण क्लच आणि चेनची हाडं मोडेल. बरोबर बसवलं तर ५९ अंशांच्या इंजिनात ठोके ४१९ आणि ३०१ अंशांवर पडतात. तो लंगडा ताल म्हणजेच व्ही-ट्विनचा आवाज.

आता हेडच्या दिशेचा घोळ. प्रत्येकाला वाटतं की मागचं हेड फिरवून दोन्ही कार्ब्युरेटर व्हीच्या मध्ये आणि दोन्ही सायलेन्सर बाहेर घ्यावेत. पण बुलेटचा ब्लॉक १८० अंशांत फिरवला की पुशरॉडचे बोगदे उजवीकडून डावीकडे, प्रायमरी चेनच्या बाजूला जातात. तिथं कॅम नाहीत. तसं करायचं असेल तर मागचा ब्लॉक आणि हेड आरशातल्या प्रतिमेसारखे नवे ओतावे लागतील. मी म्हणेन, मागचं हेड आहे तसंच ठेवा: एक्झॉस्ट पुढे, व्हीच्या आत, कार्ब्युरेटर मागे. व्हिन्सेंटनंही दोन्ही एक्झॉस्ट पुढेच ठेवले होते. पाइप जवळून वळवावा लागतो आणि पुढच्या कार्ब्युरेटरला उष्णतेपासून आडोसा द्यावा लागतो, एवढंच. दोन स्वतंत्र कार्ब्युरेटर ठेवा. एका कार्ब्युरेटरवर दोन्ही चालवले तर असमान ठोक्यांमुळे एक सिलिंडर दुसऱ्याच्या तोंडचा घास पळवतो आणि प्लगचे रंग कधीच जुळत नाहीत.

इग्निशनला दोन पिकअप, बरोबर व्हीच्या अँगलएवढ्या अंतरावर, आणि दोन वेगळे कॉइल. दोन टोकांचा एकच कॉइल लावून दोन्ही प्लगला एकदम ठिणगी द्यायची युक्ती इथं टाळा. ती ज्या इंजिनात दोन्ही पिस्टन एकाच वेळी वर येतात तिथं शोभते. तुमच्याकडे एक वर असतो तेव्हा दुसरा अँगलभर मागे-पुढे असतो.

तेलाबद्दल दोन गोष्टी. बुलेटचा पंप एका बिगएंडसाठी आणि एका हेडसाठी आहे. बाजारात जास्त क्षमतेचे पंप मिळतात, फीड आणि रिटर्न दोन्ही बदला. एकटा फीड वाढवला तर चेंबर भरतं आणि धूर सुरू होतो. आणि ब्रीदर. दोन्ही पिस्टन जवळजवळ एकत्र खाली येतात, म्हणून चेंबरमधली हवा सिंगलच्या तुलनेत १.७४ पट ढकलली जाते (५९ अंशांसाठी, दुप्पट गुणिले अर्ध्या अँगलचा कोसाइन). ३५० मध्ये ते साधारण ६०० सीसी होतं, दर फेऱ्याला. मूळ नळीतून ते बाहेर पडत नाही, मग ते सांध्यातून तेल घेऊन बाहेर पडतं आणि लोक पॅकिंगला दोष देतात. मोठी नळी आणि एकाच दिशेनं उघडणारा रीड व्हॉल्व्ह लावा.

गिअरबॉक्सचं उत्तर छोटं आहे. जुना चार गिअरचा बॉक्स १८ हॉर्सपॉवरच्या बुलेटला होता. ६९२ सीसीचं (३४६ ची दोन) इंजिन त्याला घासून खाईल, क्लच त्याआधी घसरेल. रॉयल एनफिल्डचाच पाच गिअरचा बॉक्स घ्या, जादा प्लेटचा क्लच, कडक स्प्रिंग, आणि क्रँककेसच्या पॅटर्नमध्येच त्या बॉक्सची बैठक धरा.

कायद्याचं आधीच सांगितलेलं बरं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीनं दिलेल्या तपशिलांपेक्षा वेगळा बदल गाडीत करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हेच स्पष्ट केलं. तेव्हा ही गाडी रस्त्यावर नंबरप्लेटसह फिरवायची स्वप्नं असतील तर ती आत्ताच आवरा. प्रदर्शन, खासगी ट्रॅक, वर्कशॉपचा स्टँड, एवढ्यासाठी करा. नुसती दोन सिलिंडरची ताकद हवी असेल तर २०१८ पासून रॉयल एनफिल्डचीच ६५० मिळते. तिच्या क्रँकच्या दोन पिना एकमेकींपासून २७० अंशांवर आहेत, म्हणून ठोके ९० अंशांच्या व्ही-ट्विनसारखे पडतात. हे व्ही-ट्विन करायचं ते करण्याच्या आनंदासाठीच.

आणि सुरुवात. एक १८ मिलिमीटरचं प्लायवुड आणा. त्यावर क्रँकचा मध्य मारा, ५५, ५७, ६० अशा रेषा आखा. एक इंजिन उघडून ब्लॉक-हेड काढा, दुसऱ्याचेही, आणि दोन्ही जोड्या या रेषांवर पट्ट्यांनी बांधा. कुठे पंखे (सिलिंडर थंड ठेवणाऱ्या बाहेरच्या पट्ट्या) भिडतात, कुठे फ्लँज भिडतात, कार्ब्युरेटरला जागा उरते का, पाइपचा वळसा निघतो का, हे सगळं पॅटर्नला हात लावण्याआधी डोळ्यांना दिसेल. कॅमचे गिअर पुठ्ठ्याच्या चकत्या कापून मांडा. दोन्ही सेट एकमेकांना अडत असतील तर इथंच कळेल. मग तो सगळा सांगाडा फ्रेममध्ये उभा करा, टाकी बसवा, आणि मागच्या हेडचं रॉकर कव्हर टाकीखालून निघतं का, हेडच्या नटांवर पाना फिरतो का ते करून बघा. फिरत नसेल तर अँगल नाही, फ्रेममधली इंजिनची जागा बदला. मागचा सिलिंडर थोडा सरळ आणि पुढचा थोडा जास्त झोपवला की बहुतेक वेळा पान्याला जागा मिळते.